पिंपळनेरची मुळी

धरणगावच्या तोताराम पाटलांच्या घरात दोन सुना. थोरली मंदाबाई अंगाने चांगली भरलेली, धाकटी कुंदाबाई म्हणजे कपाशीची वाळलेली पऱ्हाटी. पण जेवायला बसली की बघत राहावं! भाकर, ठेचा, वर तेलाची धार, शेवभाजीचा रस्सा तर वाटीने प्यायची. आणि अंगाला काही म्हणता काही लागायचं नाही. बघून मंदाबाईच्या पोटात आग पडायची.

मंदाबाईचे सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास. चारचौघांत म्हणायची, "माले भूकच नही." मग माणसं शेतात गेली की कोठीमागे उभ्या उभ्या बेसनाचे लाडू, पोरांच्या ताटातलं उरलेलं, घाईघाईने, चवसुद्धा न घेता. पदराने तोंड पुसायचं आणि दिवसभर स्वतःलाच शिव्या घालायच्या. त्या रागापायी पुढचा उपास आणखी कडक.

तिचा तर्क पक्का होता. कुंदाचं माहेर पिंपळनेर, डोंगराच्या अंगाला. तिथून हिने कसली तरी मुळी आणलीय! जाऊ पाण्याला गेली की मंदाबाई तिची पेटी हुंगायची. कापराशिवाय वास येईल तर शप्पथ.

अठ्ठ्याऐंशीच्या पौषात पाटलांनी शेतात भरीत केलं. पऱ्हाटीच्या जाळावर हिरवी वांगी भाजली, कुंदाबाईने लाकडी बडगीत लसूण-मिरची घालून ठेचली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या फुगत होत्या. मंदाबाई वाढत होती. गुरुवार ना!

कुंदाबाई मांडी ठोकून बसली, पहिला घास घेऊन डोळे मिटले. मंदाबाईचा वाढपाचा पळाच थांबला.

"कुंदे, सांगी टाक आते. कोनती मुळी खास तू?"

"कसानी मुळी, अक्का?"

"पिंपळनेरनी! इतलं खाईसन बी वाळेल ऱ्हास तू!"

सगळी पंगत हसली. कुंदाबाईला ठसका लागला. "अहो अक्का, हाड मना बापनं शे. भूक लागनी का खास, पोट भरनं का उठस. तुमी बसा ना."

"उपास शे मना."

कुंदाबाईशेजारी बसलेल्या सासूने, भागाबाईने, मंदाबाईला पदराला धरून खाली वाकवलं आणि कानात म्हणाली, "कोठीमागना लाडू देवले दिसतस ना? मंग पुरी दिखनी त काय बिघडस? बस, बाई."

मंदाबाईचे कान तापले. आता पळून जावं की बसावं? भूक मात्र खरी होती. ती बसली.

पहिला घास तिने चोरट्यासारखाच गिळला. कोणी बघत नव्हतं. जो तो आपल्या ताटात. दुसरा घास तोंडात फिरला आणि भाजल्या वांग्याचा धूर, मिरचीचा झटका तिला पहिल्यांदा कळला. तिसऱ्या पुरीशी हात आपोआप थांबला. अर्धी पुरी ताटात, आणि शिवी कुठेच नाही.

समोर कुंदाबाईने आणखी एक पुरी ओढली. मंदाबाईला हेवा वाटला तो वाटलाच, पण या खेपेला तिच्या हाताच्या चवीचा.

"ए कुंदे," ती फणकारली, "लसूण किती टाकस तू? उद्या माले दखाड."