डावीकडे झुकणारे टाके

काळ्यापांढऱ्या फोटोवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. दिग्रसला बस स्टँडच्या वाटेवर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसं, पासपोर्ट, सगळं करते. हल्ली नवरदेव येतात आन् म्हणतात, ताई, दोन-चार फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा, भारी वाटते. अरे बाबा, बायकोनं एवढा लालभडक शालू नेसला, मेंदी रंगवली, ते काय राखाडी करायला? करून देते मी, पण तोंड वाकडं करून देते.

मी बंजारा, तांड्यात वाढलेली. आमच्यात आईला याडी म्हणतात. माझी याडी माझ्याशी आमच्या गोरमाटी बोलीतच बोलते. इथे मी तिचं बोलणं आपल्या वऱ्हाडीत लिहिते. ती डावखुरी. तांड्यात दुपारी बायका भरतकामाला बसल्या की हिच्या कोपराचा धक्का शेजारणीला बसायचा, म्हणून हिला कायम कडेची जागा. पण हिच्या हातची कांचळी, म्हणजे आरसे-कवड्या लावलेली आमची चोळी, लांबून ओळखू यायची. माझ्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा लेक म्हणाली, मी आजीच्याच हातची कांचळी घालीन. ती यवतमाळला नर्सिंग शिकते, जीन्स घालते, पण या एका गोष्टीवर अडून बसली. याडीनं गडद निळं कापड आणलं, मेंदीसारखा गडद लाल दोरा घेतला आन् सुरू झाली.

कांचळी अर्धी झाली आन् डोळे गेले. गेले म्हणजे अगदी गेले नाहीत. यवतमाळच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू काढला, पण मागचा पडदाच कमजोर निघाला. उजेड दिसेल, माणसं दिसतील, गडद रंग मात्र एकमेकांत मिसळतील, म्हणाले. आता निळ्यावर लाल म्हणजे तिच्यासाठी काळोखावर काळोख. मी तिला दिग्रसला माझ्याकडे आणलं. दिवसभर ती स्टुडिओतल्या स्टुलावर बसायची, आणि जी बाई गिऱ्हाइकालासुद्धा टोमणा मारल्याशिवाय सोडत नव्हती, ती गप्प झाली.

एक दिवस तिनं पिशवीतून कांचळी काढली, माझ्या मांडीवर ठेवली.

"याचा फोटो काढून ठेव," म्हणाली. "माहं शिवणं झालं. पोरीले दुकानातली घेऊन दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "फोटो कायले? हार घालून भिंतीवर टांगू का?"

"टांग," म्हणाली. "जागा आहे."

भांडण करून काय होणार होतं. मी कांचळी गच्चीवर नेली. आरशाच्या कामाचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. प्रत्येक आरशात मी, प्रत्येक आरशात पाण्याची टाकी. शेवटी वरून पांढरी चादर बांधली, कॅमेऱ्याच्या भोवती माझा काळा परकर गुंडाळला, तेव्हा कुठे आरसे शांत झाले. शेजारीण खिडकीतून बघत होती. परकराला फोटो काढताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं.

कॉम्प्युटरवर फोटो उघडला आन् माझा जीव खट्टू झाला. आरसे चमकत होते, कवड्या मोत्यासारख्या, पण ज्याच्यात याडीचा जीव गेला ते लाल भरतकाम निळ्यात बुडालेलं. लाल वाढवला की तो फुगायचा, नुसता डाग. टाके तर टाके, नक्षीसुद्धा कळेना. मग वैतागून मी रंगच काढून टाकला, म्हटलं बघू तरी फोटो नीट धारदार आला का. काळापांढरा करून लाल उजळ केला, निळा खाली ओढला. कापड कोळशासारखं काळं झालं आन् त्याच्यावर एकेक टाका तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा उभा राहिला.

मागून स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"हे काय दिसून राह्यलं?" याडी म्हणाली.

"तुहीच कांचळी आहे."

"मले टाके दिसून राह्यले."

मला वाटलं, माझं मन राखायला म्हणते. पण ती पुढे आली, नाक स्क्रीनला लागेस्तोवर वाकली आन् बोट ठेवत गेली. "हा माहा. हा माहा. हा बी माहा." मग शेवटच्या काही ओळींवर बोट थांबलं. "हे माह्या हातचे नाहीत."

मी फोटो मोठा केला. हातच्या काकणाला आरसा कशाला, समोरच होतं. डावखुऱ्या याडीचे सगळे टाके डावीकडे झुकलेले, आन् त्या शेवटच्या ओळी उजवीकडे. सुंदर, एकसारख्या, पण उजवीकडे. रंगीत फोटोत हे कोणाच्या बापाला दिसलं नसतं.

"लाव तुह्या काकीले फोन," याडी म्हणाली.

काकी म्हणजे तिची धाकटी जाऊ, तांड्यात तिच्या शेजारीच बसणारी. मी स्पीकर लावला. काकीनं आधी आढेवेढे घेतले, मग रडायला लागली. "बाई, तुमचे टाके वाट सोडून चालले होते. तुम्ही दुपारच्या आडव्या व्हायच्या, तवा मी उसवून नीट करत होती. म्हटलं तुम्हाले समजलं तर सुई ठेवून द्यान."

"मंग ठेवलीच ना म्या," याडी म्हणाली. "आन् काय चुकून राह्यलं तेही समजलं नाही मले. येडे, सांगतलं असतं तर शिव्या देल्या असत्या, दुसरं काय."

फोन ठेवल्यावर मला भीती वाटली. वाटलं, आता हिचं उरलंसुरलंही गेलं. आपल्या हाताच्या चुका इतके दिवस दुसऱ्याचा हात झाकत होता, हे कळल्यावर माणूस काय धीर धरणार? पण याडी स्क्रीनकडेच बघत होती.

"हा बिनरंगाचा फोटो," तिनं विचारलं, "चालता-फिरता होते का? माहा हात दिसन का त्याच्यात?"

झाला ना. मोबाइल स्टँडवर कॅमेरा खाली कापडाकडे करून लावला, कॅमेऱ्याचा रंग काढला, लाल उजळ केला आन् वायर टीव्हीला जोडली. मांडीवर कापड, समोर टीव्हीत तेच कापड हंडीएवढं मोठं. याडीनं हात हलवला, टीव्हीतला हात जरा उशिरा हलला. पहिल्याच दिवशी बोटाला सुई टोचून घेतली आन् मोबाइल बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती शिवी ऐकून मला जे बरं वाटलं ते काय सांगू. किती दिवसांनी स्टुडिओत शिवी ऐकू आली होती.

हात आणि नजर जुळायला वेळ लागला. जुळले, तेव्हा तिनं सगळ्यात आधी काय करावं? काकीच्या ओळी उसवायला घेतल्या.

मी ओरडले. "येडी झाली का? चांगलं काम उसवून राह्यली!"

"चांगलं आहे," टीव्हीवरची नजर न काढता ती म्हणाली. "पण पोरीनं आजीचं मांगतलं."

आता तिथे याडीचे टाके आहेत. वाकडे, थोडे दूर, थोडे जवळ, पण डावीकडे झुकलेले. तिच्या पुढच्या ओळी हळूहळू सुधारत चालल्या आहेत. लग्नाला वेळ आहे, बाही तेवढी राहिली. काकी परवा आली होती, तिचा हात सवयीनं त्या ओळींकडे गेला आन् याडीनं फटका दिला. दोघी हसल्या, मग काकी तिच्या बाजूला बसली, उजव्या अंगाला, धक्का लागणार नाही अशी.

काल लेकीनं व्हिडिओ कॉल केला. मी तिला टीव्हीतली काळीपांढरी कांचळी दाखवली. पोरगी नर्स होणार, बारीक नजर तिची.

"आजी," म्हणाली, "सगळं मस्त आहे, पण इथं मधात वाकडं काहून झालं?"

"सरळ होतं बाई," याडी म्हणाली. "म्याच वाकडं केलं."