सहावी साक्ष

सकपाळ मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी बिरवाडीत माझ्या वर्गावर होते. फोन ठेवला, आणि खरं सांगते, मनात पहिलं ‘अरेरे’ आलं नाही. पहिलं आलं ते हे, की आता ते नाव कुणाला विचारू? लिहायला लाज वाटते. पण मॅडमवर लिहायचं आणि पहिल्याच परिच्छेदात खोटं लिहायचं, हे त्यांना चाललं नसतं. दीड महिना झाला, अजून मी तोच प्रश्न घेऊन उठते.

मॅडम महाडच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होत्या. शिकवणं त्यांच्या कामात नव्हतं, तरी एम.ए.च्या प्रत्येक पोराला त्या हाताला धरून संदर्भ शोधायला शिकवत. मी पोलादपूरकडच्या, कशेडी घाटाच्या अंगाच्या एका वाडीतून आलेली. संदर्भ म्हणजे आधीच्या कुणाच्या तरी प्रबंधातली मागची यादी उतरवून काढायची, एवढीच माझी अक्कल. माझी यादी बघून त्यांनी शांतपणे विचारलं, “यातली किती पुस्तकं हातात धरलीस?” मी म्हटलं, “तीन.” “मग बाकीची बावीस कुणाच्या भरवशावर?” एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, घरात मुलीला स्थळ आलं की चौकशी कुणाकडे करता? एक जण म्हणाला, मुलाच्या मामाकडे. मॅडम हसून म्हणाल्या, “अरे, मामा काय सांगणार? मुलगा लाखात एक! वाण्याला विचार, शेजारणीला विचार, आणि त्यांचं ज्याच्याशी वाकडं आहे त्यालाही विचार. मग जुळतंय का ते बघ.” तेव्हापासून पुस्तक असो, कात्रण असो, नाहीतर मोबाइलवरची वेबसाइट, आम्ही आधी विचारायचो, हा कुणाचा मामा? कोणी लिहिलंय, त्याला कसं ठाऊक, आणि लिहून त्याचा काय फायदा... वेबसाइटच्या तळापर्यंत जाऊन हे शोधल्याशिवाय त्या उठू द्यायच्या नाहीत.

माझा प्रबंध आमच्याच वाडीवर होता. वाडी पूर्वी वर डोंगरात होती. एका पावसाळ्यात जमिनीला भेग पडली, माणसं खाली आली, आणि आठवड्याभरात वरची जागा दरडीखाली गेली. ती भेग पाहून सगळ्यांना खाली आणलं ते माझ्या आजोबांनी, आबांनी, असं आम्ही जन्मापासून ऐकत आलेलो. मी पाच म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. पाचही जणांनी अगदी हेच सांगितलं. मी उड्या मारत मॅडमकडे गेले, तर त्या म्हणाल्या, “छान. आता परत जा आणि यांना हे कुणी सांगितलं ते विचार.” गेले. पाचही जण म्हणाले, “कुनी म्हंजे? तुज्या आज्यानंच सांगितलं गो!” त्यातले दोघे तर तेव्हा पाळण्यात होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. “घडे पाच, विहीर एकच! आता एक माहेरवाशीण शोध. ती गोष्ट वाडीत रुजायच्या आत लग्न होऊन बाहेर पडलेली. गावातली माणसं रोज ऐकून ऐकून एकसारखं बोलायला लागतात. लेक मात्र जाताना जे पाहिलेलं असतं, तेच घेऊन जाते.”

अशी भागीआजी सापडली, महाडजवळच्या नाते गावात दिलेली. मी घाबरत होते म्हणून मॅडम माझ्याबरोबर एसटीनं आल्या. आजी ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसलेली. मॅडमनी पदर खोचला आणि समोर बसून त्याही सोलायला लागल्या. मी प्रश्नांची यादी काढली, तर डोळ्यांनीच मला गप्प केलं. अर्ध्या तासानं आजी आपणहून बोलायला लागली. “तुजा आजा? तो कसला आनतोय! तो शेवटला आला. नवं घर बांदलेलं ना, सोडवत नव्हतं त्याला. आमाला खाली आनलं ते सुईनीनं. भेग तिनं बगितली. कुनी ऐकना, तवा घराघरांत शिरली नि पेटत्या चुलीत घागरी ओतल्यान. चूल इजली तर मानूस ऱ्हातोय कशाला? तुज्या आज्याची चूल तिनं दोनदा इजवली.” मग तिला कुणी आठवत का नाही, असं मॅडमनी विचारलं. “पेटती चूल इजवली म्हून अवदसा म्हनले तिला. पोर नाय, बाळ नाय, तिचं नाव कोन घेनार? मी घेते.” आणि आजीनं तिचं नाव घेतलं. पूर्ण नाव, माहेरचं गावसुद्धा. मी वहीत लिहिलं. मॅडमनी नाही लिहिलं. “लिहिणारी तू आहेस,” म्हणाल्या.

परतीच्या एसटीत मी वही पिशवीत पार तळाशी घातली. आबांचा सत्कार ठरला होता. वाडीतल्या मुंबईकरांचं मंडळ शाल-श्रीफळ देणार होतं, आणि माझ्या प्रबंधातला उतारा तिथे वाचला जाणार होता. आबा वाईट नव्हते हो. मला शिकवायचं म्हणून घरात भांडलेला तो एकटाच माणूस. त्या म्हाताऱ्याला नव्या सदऱ्यात मांडवात बसलेलं बघायचं की त्याची विझलेली चूल चारचौघांत मांडायची? मी भागीआजीला प्रबंधातून काढून टाकलं. वहीची ती पानं न्हाणीतल्या बंबात घातली. जळताना नाव पुन्हा वाचलंही नाही, इतका राग. मॅडमना आजीला वगळल्याचं तेवढं सांगितलं, पानांचं नाही. तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “प्रबंध तुझा आहे, खाली सही तुझी आहे.” आणि इतर कुठल्याही प्रबंधासारखा त्यावर शिक्का मारून कपाटात लावला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे आबा गेले, भागीआजी गेली. मला नोकरी लागली आणि मीच पोरांना संदर्भ शिकवायला लागले, म्हणजे बघा! मन खायला लागलं. सुईणीचं नाव वाडीत विचारून पाहिलं. ज्या दोन-तीन माहेरवाशिणी उरल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन आले. सगळ्यांना ती ठाऊक, पण फक्त ‘सुईणआय’ म्हणून. नाव ऐकलेलं माणूस आता एकच उरलं होतं. गेल्या दिवाळीत मॅडमच्या घरी गेले ती हेच विचारायला. त्यांनी चहा केला, माझ्या विद्यार्थ्यांची चौकशी केली. शब्द अगदी ओठांवर होते... पण ‘पानं जाळली’ हे त्यांच्या तोंडावर कसं सांगणार? म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ, म्हणे!

शोकसभेत एक तरुण प्राध्यापक बोलायला उभा राहिला. म्हणाला, मॅडम दर वर्षी आम्हाला खाकी कव्हर घातलेला एक जुना प्रबंध द्यायच्या. लेखकाचं नाव झाकलेलं. यात साक्षीदार किती ते सांगा, म्हणायच्या. पोरं सांगायची पाच. उत्तर होतं एक. सगळे हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग तो म्हणाला, “आम्ही विचारायचो, मॅडम, मग खरं काय घडलं? तर म्हणायच्या, आणखी एक साक्ष आहे, सहावी. मला ठाऊक आहे. पण ती सांगायचा हक्क लिहिणारीचा आहे. ती येईल. तिची वाट बघू.”

वाट बघत होत्या! आणि मी त्यांच्यासमोर बसून चहा पिऊन आले. मला वाटायचं, त्यांनी माझा नाद सोडला. त्यांनी तर माझ्यासाठी ते नाव इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि शेवटी बरोबर घेऊन गेल्या. मॅडम, एकदा तरी ओरडायचं होतंत हो. एक फोन करायचा होतात.

सभा संपल्यावर मी ग्रंथालयात गेले. प्रबंध मागितला, खाकी कव्हर काढलं. शेवटच्या कोऱ्या पानावर नाते गावात भागीआजीकडून ऐकलेलं सगळं लिहिलं. कुठे बसून ऐकलं, सोबत कोण होतं, मी कुणाची नात, टिपणं कुणी जाळली, सगळं. चुलीत घागर ओतणाऱ्या त्या बाईच्या नावापाशी आले आणि पेन थांबलं. मान वर करून मॅडमच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे बसलेली नवीन मुलगी लगबगीनं उठली. “काही हवं होतं का, मॅडम?”

मी नाही म्हटलं. नावापुरती जागा मोकळी सोडली, खाली सही केली आणि प्रबंध तिच्या हातात दिला.