मूळचे इथलेच

मिठागरात भरतीचं पाणी घ्यायचं, वाट बंद करायची आणि गप्प बसायचं. उन्हानं मीठ आपोआप धरतं. गप्प माणसाचं तसंच असतं. मी चौथी शिकलेला, ग्रामपंचायतीत शिपाई होतो. तीस वर्षं लोक माझ्यासमोर बोलत राहिले, कारण शिपायालाही कान असतात हे कुणाच्या ध्यानातच येत नाही. साठलं ते असं.

गाव पेणच्या खाडीकाठचं. नाव सांगत नाही. मला अजून तिथेच राहायचं आहे. शेतकरी, मिठागरवाले, वरच्या अंगाला कातकरीवाडी, चार घरं मुसलमानांची, एक इस्राएली म्हातारा, आणि गणपतीच्या कारखान्यांत नि कंपनीत कामाला आलेली देशभरची माणसं. एवढंसं गाव आणि त्यात प्रत्येक जण मूळचा! माझा आजा मिठागरावर एका हंगामासाठी आला आणि परत जायचं विसरला. आता आम्हीही मूळचे.

*

सगळ्यांत मूळचे म्हणजे तात्या. गावकीचे अध्यक्ष. एकदा शाळेच्या बाई घरोघरी माहिती भरायला निघाल्या. मी त्यांना घरं दाखवत होतो. तात्यांच्या ओटीवर बसून बाईंनी विचारलं, "मूळ गाव?"

"हेच. सात पिढ्या. लिवा."

बाईंनी लिहिलं. मग सहज म्हणाल्या, "आणि कुलदैवत?"

तात्यांनी घाटावरच्या एका गावाचं नाव सांगितलं. दरवर्षी जीप करून जातात.

बाई सरळ मनाच्या. म्हणाल्या, "सात पिढ्या इथे, मग देव तिकडे कसा?"

तात्यांनी सुपारी कातरली. "आमी आधी आलो. देव मागनं येनार व्हता."

*

याच तात्यांची सही सोमी कातकरणीला हवी होती. तिची नात पूनम बारावी झाली, नर्सिंगला तिचा नंबर लागला. जातीचा दाखला लागणार होता. दाखल्याला जुना कागद पाहिजे, आणि सोमीच्या घराण्यात कागद म्हणजे चूल पेटवायचा. कागद नसेल तर गावच्या जाणत्या माणसानं लिहून द्यायचं, की ही माणसं पिढ्यान् पिढ्या इथलीच आहेत.

सोमी ओटीच्या खाली उभी राहिली. तात्या म्हणाले, "कसं लिवू? तुमी दिवाळी झाली की वीटभट्टीवर. आज इथं, उद्या तिथं. तुमाला गाव नाय."

सोमी म्हणाली, "आन बांधाला खांड पडली, तर पैला ढेकूल कोन टाकतो?"

आमच्याकडे खाडीचा बांध उधाणाला फुटला, की त्या भगदाडात पहिलं ढेकूळ सोमीच्या घरच्यांनी टाकायचं. मग बाकी गाव हात लावणार. जुने लोक सांगत, खाडी त्यांनाच ओळखते.

तात्या म्हणाले, "ती रीत हाय. रीत वेगली, दाखला वेगला."

पूनमनं आजीच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी चालू लागल्या. आपल्या गावात परकं झालेलं माणूस कसं चालतं ते मी तेव्हा पाहिलं. भरती नव्हती, तरी पाऊल जपून टाकत होत्या.

*

तात्यांच्या पुतण्याचा शेजारच्या जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. त्यानं दारावर पाटी लावली: 'येथे फक्त स्थानिक भूमिपुत्र कारागीर काम करतात.' अक्षर असं सुबक की लोक फोटो काढायचे. पाटी रामसेवकनं रंगवली होती. बाकी कुणाचं अक्षर एका ओळीत राहत नव्हतं.

रामसेवक उत्तरेकडचा. वीस वर्षं आमच्या गावात राहतो. गणपतीच्या डोळ्यांची आखणी तोच करतो. एक मुंबईचं गिऱ्हाईक आलं, पाटी वाचून खूश झालं, आणि आत येऊन रामसेवकलाच दबक्या आवाजात विचारलं, "भय्ये ठेवले नाहीत ना कामाला?"

रामसेवकनं ब्रश कानामागे खोचला. "नाय वो शेठ. आमच्याकडं बाहेरचा मानूस टिकतच नाय."

*

मोझेसकाका इस्राएली, म्हणजे कोकणातले जुने ज्यू. त्यांच्या आज्याचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा. भाऊबंद सगळे इस्रायलला निघून गेले, हे एकटे राहिले. माहिती भरताना बाईंच्या मोबाइलवर त्यांच्या धर्मासाठी रकानाच सापडेना. शेवटी 'इतर' वर बोट ठेवलं.

काका म्हणाले, "तिकडं माझ्या भावाला शेजारी इंडियावाला म्हनतात. इकडं हे मला इस्रायलवाला म्हनतात. मधे समुद्रात एक खोली बांधून द्या, दोघं ऱ्हातो."

तात्या तिथेच होते. म्हणाले, "काका, राग मानू नका. पन तुमी दर्यातून आलेले. गलबत फुटलं म्हनून ऱ्हायलात."

"व्हय," काका म्हणाले. "पन वर येताना कोनाला खाली ढकललं नाय."

त्या दिवशी संध्याकाळी काका सोमीकडे गेले. मला म्हणाले, "मी देतो लिहून. पन माझी सही चालंल काय रे गणू? मी तर इतर."

*

तात्यांच्या मुलाला रोह्याच्या कंपनीत नोकरी लागली. जवळच वरश्याला भाड्यानं फ्लॅट बघितला. सोसायटीनं सांगितलं, बाहेरच्या माणसांना जागा देत नाही. आधी सगळे इथले घेतो.

तात्या ओटीवर येरझाऱ्या घालत होते. "पेनचा मानूस रोह्यात बाहेरचा? एक जिल्हा, एक भाषा, मासलीपन तीच! यांना लाज कशी नाय वाटत, सांग गणू."

मी कपावर फुंकर घातली. चहा गरम होता.

*

मग त्या श्रावणातल्या अमावास्येला बांध फुटला. सकाळीच कळलं. दुपारी बाराला उधाणाची भरती. खारं पाणी आत शिरलं की भात गेलं, पुढची तीन वर्षं जमीनही गेली. भगदाडाच्या तोंडाशी पहिली शेतं तात्यांची.

पोकलेन आणलं होतं. त्याचा ड्रायव्हर झारखंडचा. इंजिन चालू ठेवून तो विचारत होता, "डालूँ क्या?" आणि सगळं गाव म्हणत होतं, "थांब!" पहिलं ढेकूळ पडलं नव्हतं.

तात्यांनी मला पिटाळलं. सोमी दारात चिंबोऱ्या साफ करत बसली होती. मी सांगितलं. ती म्हणाली, "आमी भट्टीवरची मानसं, गणूदादा. आमाला गाव नाय. बाहेरच्याचं ढेकूल खाडी घेल काय?"

मी परत आलो आणि जसंच्या तसं सांगितलं. हळूहळू सांगितलं. पाणी तोवर वीतभर चढलं.

मग तात्या स्वतः निघाले. गुडघ्यापर्यंत चिखल. आयुष्यात पहिल्यांदा कातकरीवाडी चढले. "सोमी, चल गो. येल नाय."

"कागद," सोमी म्हणाली.

पूनमनं वहीचं पान फाडून पुढे केलं. तात्यांनी माझ्या पाठीवर ठेवून लिहिलं. मी वाकून उभा, पेनाचं टोक सदऱ्यातून टोचत होतं. "काय लिवू?"

सोमीनं चिंबोरीची नांगी मोडली. "गाव वसायच्या आधीपासनं आमी इथं. तेवढंच लिव."

पेन थांबलं. खालून कुणीतरी ओरडलं, पाणी शेताला लागलं. पेन चाललं.

सोमीनं हात धुतले, खाली आली, एक ढेकूळ उचललं आणि टाकलं. पोकलेननं बाकीचं केलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दाखल्याच्या ऑफिसात गेलो. पूनम, सोमी, साक्षीदार म्हणून तात्या, आणि वाट दाखवायला मी. साहेबांनी कागद दोनदा वाचला. तात्यांना विचारलं, "सही तुमचीच?" तात्यांनी मान हलवली. साहेबांनी मंजुरीचा शिक्का मारला. पूनमनं श्वास सोडला तो मला ऐकू आला.

मग साहेबांनी चष्मा काढला. सहज, गप्पा मारल्यासारखं, माझ्याकडे बघून विचारलं, "गाव वसायच्या आधीपासून ही माणसं इथे. बरं. मग हे तात्या मूळचे कुठले?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मुळात हळू बोलणारा. साहेबांना जरा थांबावं लागलं.