पापी दे, मग गोळी

लालबागच्या आमच्या चाळीत लहान मुलांकडे पापी मागायची पद्धत आहे. गॅलरीतून येणारं-जाणारं कुणीही गाल पुढे करतं आणि पोराने त्यावर ओठ टेकवायचे. मला त्याची शिसारी येते. पण घरात ते सांगायला बरेच दिवस जमलं नाही, कारण नेमकं काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

माझ्या भावाची मुलगी चार वर्षांची आहे. समोरच्या खोलीतले म्हातारे काका तिला रोज संध्याकाळी हाक मारतात. गालात तंबाखूचा बार, ओठांच्या कडेला तपकिरी ओल, मुठीत लिमलेटची गोळी. "पापी दे, मग गोळी."

सुरुवातीला ती नाक मुरडून माझ्या ओढणीत शिरायची. नको, हे तिचं ठरलेलं असायचं. पण वहिनी हसत म्हणायची, "दे गं, आपलेच काका आहेत." हळूहळू तिने पळणं सोडलं. आधी गोळीकडे बघायची, मग वहिनीच्या चेहऱ्याकडे, आणि डोळे मिटून ओठ टेकवायची. नंतर फ्रॉकला तोंड पुसायची.

मी बालविकास शिकते. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे तिथलं काही घरी बोलायला संकोच वाटतो. मॅडम म्हणाल्या होत्या, या वयाचं मूल आधी जे वाटतं त्यावरून ठरवतं. खात्री नसली की जवळच्या माणसाचा चेहरा बघतं. मला आमच्या गॅलरीतले सगळे हसरे चेहरे आठवले.

त्या रविवारी काकांनी गाल पुढे केला, तेव्हा मी तिच्या समोरच बसले होते. तिने वहिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला जे वाटत होतं ते मी लपवलं नाही.

"नको," ती म्हणाली. "वास येतो."

काकांनी गोळी खिशात टाकली. "शिष्ट झाली तुमची पोरगी," म्हणत ते आत गेले.

"ताई, हे तुमचंच शिकवणं," वहिनी म्हणाली.

आई भाजी निवडत होती. "कॉलेजात जावन ह्याच शिकलंस काय गो?"

"आई, तिला किळस येते."

"आमका काय येय नाय होती? आमी गप रवलंव."

सगळ्यात जास्त किळस मला त्या गप्प राहण्याची आली.

थोड्या वेळाने बाहेर पडताना मी सवयीने वाकले. "आत्याला पापी?"

तिने माझा चेहरा निरखून पाहिला. मग तळहात माझ्या तोंडावर ठेवला. "नको."

मनाला लागलं. आई दारातून बघत होती.

"बरं," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.