लिम आंटींची मुदत

गेल्या शनिवारी सकाळी हौगांगच्या आमच्या ब्लॉकखालच्या कॉफी शॉपमध्ये मी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. समोर बसल्या होत्या आमच्या घरमालकीण, लिम आंटी. भाडेकरार या ऑगस्टअखेर संपतोय, तो वाढवून घ्यायचा होता.

मला दोन वर्षं हवी होती. लेक इरा पाचवीत आहे. पुढच्या वर्षी तिची पीएसएलई, म्हणजे सहावीची इथली मोठी परीक्षा, आणि ती सप्टेंबरअखेर असते. एकाच वर्षाचा करार झाला तर ऐन परीक्षेच्या तोंडावर खोकी बांधायची वेळ येणार...

आंटींनी कोपी, म्हणजे इथली कॉफी, ढवळत सहज विचारलं, "युअर कंपनी ओके ऑर नॉट? माय सन से एव्हरीबडी सेलिंग."

'ओके' म्हणून विषय संपवता आला असता. पण मी एका कोळसा कंपनीच्या ट्रेझरीत आहे. कंपनीसाठी बँकांकडून कर्ज उभं करणं हे माझं काम... आणि समजावून सांगायची मला भारी खोड.

झालं, मी सुरूच झाले. कोळसा नको म्हणून मोठमोठ्या फंडांनी आमचे शेअर्स विकले हे खरं. पण विकणारा असतो तसा घेणाराही असतोच... भाव पडला आणि काही महिन्यांत सावरलाही. आमचे साहेब तेवढ्यावर खूश आहेत.

खरी अडचण वेगळी आहे, मी आंटींना म्हटलं. फंडांच्या मागोमाग बँकाही बिचकल्या. तोंडावर 'नाही' कोणी म्हणत नाही, पण पूर्वी सात वर्षांसाठी मिळणारं कर्ज आता एका वर्षासाठी मिळतं, तेही चढ्या व्याजाने. कंपनी नफ्यात आहे, पगार वेळेवर होतात... पण वर्षभराच्या पैशावर नवा प्रकल्प कोण उभारणार? एक तर गुंडाळूनच ठेवलाय.

किती सोपं करून सांगतेय मी, असंही मनात येऊन गेलं. आंटींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"बँक गिव्ह यू वन इयर. देन आय ऑल्सो वन इयर लाह."

बँकेत असते तर मीही हेच केलं असतं. उद्या कर्ज थांबून माझी नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला, पास गेला की आम्ही पुण्याला, आणि आंटींचा फ्लॅट रिकामा. त्या भाड्यावरच त्यांचं घर चालतं.

माझा चेहरा पडला असावा, कारण त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. मी इराच्या परीक्षेचं सांगितलं. आंटी चक्क चिडल्या.

"टॉक सो लाँग अबाउट कोल. पीएसएलई यू नेव्हर से."

शेवटी करार झाला तो पुढच्या डिसेंबरअखेरपर्यंतचा. परीक्षा, निकाल, शाळेची सुट्टी, सगळं त्यात बसतं. भाडं आहे तेवढंच.

मी बँकांना दोष देत नाही. कोळसा तो कोळसाच, आणि इराच्या पिढीला तो नको आहे हे मलाही पटतं. पण 'मुदत कमी झाली' हे आजवर माझ्यासाठी रिपोर्टमधलं एक वाक्य होतं... शनिवारी पहिल्यांदा ते माझ्याच घराला लागू झालं.

नवरा म्हणतो, यापुढे घरमालकिणीशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारत जा. बरोबर आहे त्याचं. पण आंटींचे आभार मानावे तेवढे थोडेच... कोळशाच्या कंपनीतल्या माणसाला, व्याज न वाढवता, सोळा महिने आजकाल देतं कोण?