ताईला चालतं

ताई बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे शिवायची. छापखान्यातून घड्या होऊन आलेले कागदांचे जुडगे, म्हणजे फर्मे, क्रमाने लावायचे, सुईदोऱ्याने एकमेकांना जोडायचे, पाठीवर खळ फिरवून वजनाखाली ठेवायचे. तिच्या हाताखालून गेलेलं पुस्तक कितीही आपटा, पान सुटायचं नाही. पण पुस्तकाच्या पाठीवरची सोनेरी अक्षरं उमटवणं हे तिचं काम नव्हतं. ते खिडकीपाशी बसणाऱ्या मास्तरांचं. ते पितळी अक्षर शेगडीवर तापवत, ओल्या फडक्यावर टेकवत, कान देऊन त्याचा ‘चर्र’ ऐकत आणि तो मनासारखा आला की चामड्यावर पसरलेल्या सोनेरी वर्खावर दाबत. ताई शिवता शिवता तो आवाज ऐकत राही. एवढं एक अक्षर आपल्या हातून उमटावं असं तिला फार वाटे. हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

सांगायची सवयच नव्हती. आईवडील लवकर गेले. धाकट्या भावाला तिने वाढवलं, त्याचा संसार लावून दिला, त्याच्या मुलालाही अंगाखांद्यावर खेळवलं आणि त्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिली. घरात काही कमी पडलं की एक वाक्य ठरलेलं असे. पाहुण्यांना गादी हवी? “ताई सतरंजीवर झोपेल, तिला चालतं.” चहा निवला? “ताईला दे, तिला चालतं.” आता खरं सांगायचं तर हे वाक्य घरात दुसऱ्या कोणी आणलं नव्हतं. “मला चालतं रे” म्हणून तिनेच ते पेरलं होतं आणि वर रोज पाणीही घातलं होतं.

त्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा मास्तर म्हणाले, “बाई, हिवाळा संपला की मी मुलीकडे राहायला जाणार. माझ्या जागेवर कोण बसणार?”

“मालक आणतील कोणीतरी.”

“कोणीतरी नको. मी तुमचं नाव सांगितलंय. मात्र सकाळीही यावं लागेल, खिडकीत ऊन असतं तेव्हा. येणार?”

ताईच्या हातातली सुई थांबली. ती दुपारच्या पाळीची. सकाळ घरची होती. “विचारून सांगते,” ती म्हणाली.

“कोणाला विचारून?” मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. ताईने पुढचा फर्मा ओढून घेतला.

इकडे घरात वेगळाच बेत शिजत होता. पुतण्याची मुलगी चिऊ नुकती बसायला लागली होती आणि सूनबाईची रजा संपत आली होती. भावजय सकाळी शाळेच्या कचेरीत जायची. निवृत्त झालेला भाऊ सकाळभर घरी पेपर वाचायचा, पण त्याला कोणी धरलंच नव्हतं. राहता राहिली ताई. तिने कारखाना सोडावा आणि चिऊला सांभाळावं, हे कोणी ठरवलं असं नाही. सूर्य उगवतो हे तरी कोण ठरवतं?

ताईच्या वाढदिवसाला सगळे टेबलाभोवती बसले होते. पुतण्या मोठ्या उत्साहाने आत आला आणि त्याने रेशमी फितीने बांधलेली पिशवी तिच्यापुढे ठेवली. “आत्या, सोड बघू! बेकरीवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं.”

ताईने फीत सोडली. पिशवीत पावाच्या कडा होत्या. लादीच्या टोकाचे, जाड सालीचे, करपट तुकडे, पिशवी भरून.

“तुझ्या आवडीच्या!” पुतण्याचा चेहरा फुलला होता. “लहानपणापासून बघतोय ना, पाव कापला की कड तुझी. कोणी हात लावायचा नाही. बेकरीवाला म्हणतो, असं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं!”

सगळे हसले. त्या हसण्यात प्रेमच होतं, आणि ताईला लागलं ते तेच. कोणी वाईट वागलं असतं तर रुसता तरी आलं असतं. मऊ भाग पोरांना मिळावा म्हणून जन्मभर कडा चावल्या आणि पोरांना वाटलं, आत्याची हीच आवड!

एवढ्यात भाऊ म्हणाला, “आणि ताई, आता कारखान्यात सांगून टाक. या सोमवारपासून चिऊ तुझ्याकडे.”

“मला कड आवडत नाही,” ताई म्हणाली.

पुतण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं.

“मला मधला मऊ भाग आवडतो. तुम्हालाही आवडतो म्हणून मी कड घ्यायची. आणि मी कारखाना सोडणार नाही. मास्तर मला सोनेरी अक्षरं शिकवणार आहेत. सकाळी. मला शिकायचंय.”

“या वयात?” भावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “शिकून काय दिवे लावणार? आणि एवढी वर्षं तोंडाला कुलूप होतं का?”

“होतं. आणि किल्लीही माझ्याचपाशी होती. तुला दोष देत नाही.”

“म्हणजे आम्ही तुला राबवलं, असंच ना?”

“असं मी म्हटलं का? तू कड मागितली असतीस तर दिली असती. तू कधी मागितली नाहीस, मी कधी विचारलं नाही.”

भाऊ खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर गेला. तेवढ्यात सूनबाई चाचरत म्हणाली, “आत्या, रागावू नका. माझ्या ऑफिसच्या शेजारी एक पाळणाघर आहे. मला चिऊला तिथे ठेवायचं होतं, दुपारी जाऊन बघता आलं असतं. पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

ताई तिच्याकडे वळली. “म्हणजे मी तुझ्यासाठी नोकरी सोडणार आणि तू माझ्यासाठी पाळणाघर?”

“आणि दोघी मनातल्या मनात कुढणार,” भावजय म्हणाली. “वा! काय पण घर आहे आपलं!” मग ती दाराकडे वळून मोठ्याने म्हणाली, “अहो, पाळणाघरात दुपारीच ठेवू. सकाळी तुम्ही आहात की. पेपर चिऊला वाचून दाखवा, तिलाही जगाचं कळेल.”

भाऊ चार दिवस फुगून होता. ताईला ते चार दिवस फार जड गेले. दोनदा तर “राहू दे, मला चालतं” हे शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले आणि पाचव्या दिवशी सकाळी डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडली. मागे चिऊ रडत होती आणि भाऊ ओरडत होता, “अगं, हिची बाटली कुठेय?” ताईने न वळता सांगितलं, “ओट्यावर!”

तिचं पहिलं अक्षर जळालं. चामड्यावर काळा डाग पडला. दुसरं इतकं गार पडलं की वर्ख फुंकरीने उडाला. तिला वाटलं, भाऊ म्हणत होता तेच खरं. मास्तर म्हणाले, “बाई, तुम्ही अक्षराला त्रास होऊ नये म्हणून जपून दाबताय. ते पितळ आहे. दाबा!” ती हसली आणि तिने दाबलं. थंडी सरता सरता एका जाड कोशाच्या पाठीवर तिची पहिली सरळ ओळ उमटली. मास्तरांनी ती उन्हात धरून पाहिली, आपली खुर्ची मागे सरकवली आणि तिला बसायला सांगितलं.

वसंतात मास्तर मुलीकडे राहायला गेले. त्यानंतर एका सकाळी कारखान्याच्या दारात भाऊ उभा दिसला. कडेवर चिऊ, खांद्यावर दुधाचा ओघळ. तो धापा टाकत होता.

“ताई, चालली! आत्ता, स्वयंपाकघरात! चार पावलं टाकली आणि माझ्या पायाला मिठी मारली!”

या घरातली पहिली पावलं आजवर तिनेच पाहिली होती, भावाची आणि पुतण्याचीही. पुतण्या चालला तेव्हा भाऊ कामावर होता. संध्याकाळी येऊन तो एवढंच म्हणाला होता, “असं? वा.” आज ही पावलं तिची हुकली होती. पण भावाचे डोळे भरून आले होते, आणि तिला कळलं की घरातला हा मऊ भाग मात्र ती आजवर एकटीच खात आली होती.

“सांग ना नीट,” ती म्हणाली. “पहिलं पाऊल कुठलं टाकलं? डावं की उजवं?”

भाऊ सांगू लागला. शेगडीवर अक्षर तापत होतं. ताईने ते बाजूला काढून ठेवलं आणि भरल्या मनाने ऐकत राहिली.