दुप्पट पिशव्यांचा नियम

हसायचं नाही, हे आधी कबूल करा. मगच सांगतो. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात गंभीर प्रसंग आहे हो!

लढाईचे दिवस होते. नंदुरबारला माझ्या मामांची पत्र्याची शेड होती. तिथे फौजेसाठी कॅनव्हासच्या पिशव्या शिवत. शिवणारे रशीदचाचा आणि त्यांचे भाऊ-पुतणे, म्हणजे सगळं एकच घर. मी कॉलेजात दोन वर्षं काढून आलेलो, म्हणून देखरेखीला. शिवणाचं मला काय कळत होतं? शून्य! पण गणित येत होतं, आणि तिथेच घात झाला.

एका गोऱ्या इंजिनियरानं मला विमानाच्या कारखान्यातला नियम सांगितला होता. काम दुप्पट झालं की दर नगाचा सरासरी वेळ पाचव्या हिश्श्यानं घटतो. पहिल्या पिशवीला दहा तास लागले, तर दोन झाल्यावर सरासरी आठ, चार झाल्यावर साडेसहाच्या आत. मी शेडच्या वहीशी ताडून पाहिलं. तंतोतंत! त्या दिवसापासून मी जमिनीवर चालेनासा झालो.

आणि नेमका तेव्हाच चाचांच्या मुलीचा निकाह ठरला. चाचा बिचारे हात चोळत आले.

"भाऊ, मन्ही पोरनं लगीन शे. आम्ही समदा जासूत. शेडमा कोन बसी?"

"चाचा, बिनघोर जा! लगीनमाईन कोनले बी बलावसू नही. मन्हा शब्द शे."

म्हाताऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं. स्वतःच्या मोठेपणाचं.

माझा हिशेब सरळ होता. पिशव्या आता शेकड्यांनी झाल्या होत्या, म्हणजे पुढची पिशवी झटक्यात व्हायला हवी. नियमच तसा! कोण शिवतंय हे नियमात कुठे होतं? मी कळसाडीहून दाभणानं कापसाची पोती शिवणारे गडी आणले, मशीनवर बसवले, आणि माल तपासणाऱ्या फौजेच्या साहेबांना माल बघायचा दिवसही कळवून टाकला.

पहिल्याच सकाळी एका गड्याचं मशीन उलटं फिरलं. तो ओरडला, "भाऊ, हाई मशीन मांघे पयी ऱ्हायनी!"

दुसऱ्याचा धागा तुटला. तिसऱ्यानं पिशवीचं तोंडच शिवून टाकलं. मामा कपाळाला हात लावून बसले.

"आरे भाचा, पिशव्यास्ना आकडा वाढना, पन हात त नवा शेतस ना! पहिलीफाईन सुरू व्हयनं समदं!"

म्हणजे हिशेब पुन्हा पहिल्या पिशवीपासून! माल दिसला नाही तर काम दुसऱ्या गावाला जाणार. चाचांचं अख्खं घर रिकाम्या हातानं बसणार, तेही लग्न होऊन आठवडा व्हायच्या आत. आणि त्यांना मांडवातून उठवून आणावं, तर शब्द कोणी दिलेला? खरं सांगतो, मला रडू येत होतं.

शेवटी काय केलं माहीत आहे? स्वतःच मशीनवर बसलो! पाय थांबेना, शिलाई पुढे जाते तशी मागे येते, पुन्हा पुढे. एकाच जागी तीनदा, चारदा. इतक्यात साहेब आले. सगळे उठले. मीही उठलो.

माझ्याबरोबर पिशवीही उठली. धोतराचा सोगा तिच्यात शिवला गेला होता!

साहेब हसले नाहीत. एकेक पिशवी हातात घेऊन ते शिवण ओढून बघू लागले. टर्र! टर्र! गड्यांची एकही टिकली नाही. मग ते माझ्यापाशी आले, माझी पिशवी दोन्ही हातांनी धरली, आणि जोर लावला.

शिवण हलली नाही. कमरेची गाठ सुटली.

मी धपकन स्टुलावर बसलो आणि समोर कॅनव्हासचा तुकडा ओढला. पिशवी साहेबांच्या हातात, आणि तिच्यामागे माझं पाच वार धोतर.

साहेब गंभीरपणे म्हणाले, "ही पास. धागा चांगला आहे, मशीन चांगलं आहे. हात कुठे गेले?"

मामांनी लग्नाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "लग्न होऊ द्या. आठवड्यानं येतो." आणि नमुना म्हणून ती पिशवी घेऊन निघाले. धोतरासकट! त्यांना अडवायला मी कसा उठणार?

चाचांचं काम वाचलं, माझा शब्द राहिला. मामांनी शांतपणे कॅनव्हासचा नवा तुकडा माझ्यापुढे ठेवला.

"चाल भाचा, दुसरी शिव. तुन्हा नियममा दुसरीले वखत कमी लागस ना?"

"लागस मामा," मी म्हणालो, "पन दुसरीले आधी दुसरं धोतर लागस!"